मडक्याला कुंभार लागतो, विश्वाला?

(करकंब, ता. पंढरपूर, जि. सोलापूर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आज आपल्याला एका मडक्याची परीक्षा करायची आहे. हे मडकं निदान हजार वर्षांचं जुनं आहे आणि अजून बाजारात खपतं आहे. मडकं दिसलं की त्याला घडवणारा कुंभार असलाच पाहिजे, हे आपण कुंभार न पाहताही छातीठोकपणे सांगतो. मडकं आपोआप होत नाही. मग ही पृथ्वी, हे डोंगर, बी फोडून वर येणारा कोंब, हेही सगळं कधीतरी घडलेलंच आहे; त्यालाही घडवणारा असला पाहिजे. एवढं काम माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून तो ईश्वर.

हे आपण कीर्तनात ऐकलं, आजीकडून ऐकलं, आणि आता मोबाइलवर रोज सकाळी येतं. पण त्याच मोबाइलवर त्याच्या उलटंही येतं. मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच एका गृहस्थांनी चिठ्ठी दिली. त्यांचा मुलगा इंजिनिअर आहे, पुण्यात असतो. तो म्हणतो, बिग बँगने देवाचा प्रश्न संपवला. व्हिडिओतले एक महाराज म्हणतात, बिग बँगनेच देव सिद्ध केला. खाली त्यांनी लिहिलंय, 'आमच्या घरात पाच पिढ्यांची वारी आहे. ती चालू ठेवायची की नाही हे आता शास्त्रज्ञ ठरवणार का?'

प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. एका घरात बाप आणि मुलगा जेवताना एकमेकांशी बोलेनासे होतात, तेव्हा तत्त्वज्ञानाने निदान एवढं सांगावं की भांडण नेमकं कशावरून आहे. तर आपण घाई न करता मडक्यापासून सुरुवात करू. तेरचे गोरोबाकाका थापटण्याने मडकी तपासायचे आणि आवाजावरून कच्चं-पक्कं ओळखायचे, असं सांगतात. आपणही तेच करायचं. युक्तिवाद आवडीचा आहे म्हणून पक्का होत नाही, आणि नावडीचा आहे म्हणून कच्चा ठरत नाही.

या युक्तिवादाचा सर्वांत चांगला भाजलेला नमुना उदयनाचार्यांकडे मिळतो. मिथिलेचे हे नैयायिक, दहाव्या-अकराव्या शतकातले. त्यांचा 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ ईश्वर सिद्ध करण्यासाठीच लिहिलेला आहे. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका आहे. जगन्नाथपुरीला गेले तर देवळाचं दार बंद. तेव्हा म्हणे ते देवालाच म्हणाले, एवढा तोरा नको, बौद्ध चालून येतात तेव्हा तुझं असणं-नसणं माझ्याच हातात असतं! आख्यायिका आहे, खरी मानायचं कारण नाही. पण वाद किती हातघाईवर आला होता ते तिच्यातून कळतं.

न्यायशास्त्रात 'कार्य' या शब्दाचा अर्थ आधी नीट धरून ठेवू. आपण लग्नकार्य म्हणतो, समाजकार्य म्हणतो, ते इथे नाही. जे आधी नव्हतं आणि नंतर झालं, ते कार्य. उदयनाचार्यांचं म्हणणं असं की जे जे कार्य त्याला कर्ता असतो. पृथ्वी, अंकुर ही कार्यं आहेत. म्हणून त्यांनाही कर्ता आहे. आणि कर्ता म्हणजे कोण? ज्याला साहित्याचं ज्ञान आहे, करायची इच्छा आहे आणि जो प्रयत्न करतो तो. ज्ञान, इच्छा, प्रयत्न या तीन गोष्टी असल्या की कर्तेपण आलं.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मडक्याला माती लागते आणि कुंभार लागतो. माती हे उपादानकारण, कुंभार हे निमित्तकारण. नैयायिकांचा ईश्वर फक्त निमित्तकारण आहे. पृथ्वी, पाणी, तेज आणि वायू यांचे परमाणू त्यांच्या मते नित्य आहेत, ते कुणीच केलेले नाहीत. ईश्वर त्या परमाणूंना जोडतो, जगाला आकार देतो. 'देवाने शून्यातून जग निर्माण केलं' ही कल्पना ज्यू, ख्रिस्ती, इस्लामी परंपरेतली; आपल्या नैयायिकाला ती मान्य झाली नसती. माती न घेता मडकं करणारा कुंभार त्याने कधी पाहिलेला नाही!

उदयनाचार्यांनी एकूण नऊ हेतू दिले आहेत. सगळ्यांत शिरायला वेळ नाही, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. परमाणू इतका सूक्ष्म की त्याच्या आकारातून मोठा आकार निघू शकत नाही. मग वस्तूंना मोठेपणा येतो कुठून? परमाणूंच्या संख्येतून. आणि 'दोन', 'तीन' या संख्या तरी कुठून येतात? कुणीतरी 'हा एक, हा एक' असं मनात धरल्यावर. सृष्टीच्या आरंभी माणूस नव्हता. मग मोजलं कुणी? म्हणून ईश्वर. वर्गात हा हेतू शिकवला की पोरं हसायची. आम्ही त्यांना थांबवायचो. संख्या जगात आहेत की मोजणाऱ्याच्या मनात, यावर गणिताचे तत्त्वज्ञ आजही भांडतात.

आता या मडक्यावर टकटक करू.

पहिला टोला सगळ्यांना ठाऊक आहे: सगळ्याला कर्ता लागतो, तर देवाला कुणी केलं? जॉन स्टुअर्ट मिलने आत्मचरित्रात लिहिलंय की लहानपणी वडिलांनीच त्याला ही अडचण दाखवून दिली होती. ते आत्मचरित्र १८७३ साली प्रसिद्ध झालं. बर्ट्रांड रसेलने अठराव्या वर्षी ते वाचलं आणि आदिकारणाचा युक्तिवाद सोडून दिला. १९२७ च्या भाषणात त्याने स्वतःच हे सांगितलंय. आपल्याकडे आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर मनापासून वाचले, आणि तेव्हापासून हा प्रश्न मराठी वादांत कायमचा वस्तीला आला.

आमच्या मते हा टोला वाटतो तेवढा जोरकस नाही. नैयायिक शांतपणे म्हणेल, 'प्रत्येक वस्तूला कर्ता असतो' असं मी म्हटलंच नाही. प्रत्येक कार्याला कर्ता असतो, असं म्हटलं. ईश्वर कार्यच नाही, तो अनादी आहे. उत्तर बरोबर आहे. पण ते फुकट मिळत नाही. न केलेलं काहीतरी असू शकतं हे एकदा कबूल केलं, तर मग ते विश्वच का असू नये? परमाणू तर तुम्ही आधीच अनादी मानले आहेत. तेव्हा सगळा भार एका जागी येऊन पडतो: विश्व हे मडक्यासारखं 'कार्य' आहे का?

आणि इथेच धर्मकीर्ती उभा राहतो. हा बौद्ध तर्कपंडित उदयनाचार्यांच्या तीनेकशे वर्षं आधीचा. 'प्रमाणवार्तिक' या ग्रंथात तो एक उदाहरण देतो, आणि आमच्या मते या सगळ्या वादात त्याच्या तोडीचं दुसरं उदाहरण नाही. तो वारुळाकडे बोट दाखवतो.

मडकं मातीचं, वारूळही मातीचंच. मडक्याला आकार आहे, वारुळालाही आहे. मडकं कुंभाराने केलं म्हणून मातीची प्रत्येक घडण कुंभारानेच केली असं म्हणायचं असेल, तर वारूळही कुंभाराचंच ठरेल. आपल्याकडे बांधाबांधावर वारुळं आहेत, नागपंचमीला आपण पूजतो. पण वारूळ बघून कुणी 'हे कुठल्या कुंभाराचं?' असं विचारलेलं ऐकिवात नाही. का बरं? कारण मडकं घडताना आपण पाहिलंय. चाक, दांडा, हात आणि मडकं ही संगती अनुभवातून शिकलेली आहे. 'मातीचा आकार' हा शब्द दोन्हीकडे एकच आहे, म्हणून वस्तूही एका जातीच्या होत नाहीत. धर्मकीर्तीचं म्हणणं एवढंच की 'कार्य' हा शब्द तुम्ही मडक्याला लावलात आणि पृथ्वीलाही लावलात. शब्द सारखा झाला, अनुभव सारखा नाही. पृथ्वी घडताना कुणीही पाहिलेली नाही.

या वारुळात आणखी एक गंमत आहे. ते आपोआप झालेलं नाही. वाळवी ते बांधते. लाखो किडे, एकेकाचा जीव काही मिलिमीटरचा, आणि त्यांतल्या एकाच्याही डोक्यात अख्ख्या वारुळाचा नकाशा नसतो. एकाने चिखलाचा गोळा ठेवला की दुसरा त्याच्याशेजारी ठेवतो, आणि त्यातून भिंती, बोगदे, हवा खेळती राहील अशी रचना उभी राहते. म्हणजे सुबक रचना आहे म्हणून मागे एकच बुद्धिमान कर्ता आहे, ही उडी आपल्या शेताच्या बांधावरच अडखळते.

नैयायिकाकडे याला उत्तर आहे, आणि ते नीट ऐकून घेतलं पाहिजे. तो म्हणतो, स्वयंपाकघरात धूर आणि आग आपण एकत्र पाहतो. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं अनुमान करतो. डोंगरावरच्या आगीवर भाकरी भाजली जात नाही म्हणून ते अनुमान चुकतं का? नाही. तसंच कुंभाराला हातपाय आहेत, ईश्वराला नाहीत, हा फरक गौण आहे. कर्तेपण ज्ञान-इच्छा-प्रयत्नांत आहे, हातापायांत नाही.

प्रतिपक्षी म्हणतो, थांबा. धूर-आगीचं उदाहरण तुम्हीच काढलंत तर तेच पुढे नेऊ. जिथे आग तिथे धूर, असं म्हणता येईल का? नाही म्हणता येत. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. चुलीत धूर होतो तो लाकडं ओली असतात म्हणून. आगीच्या नावावर आपण जे खपवत होतो ते खरं ओल्या लाकडाचं होतं. न्यायशास्त्रात याला 'उपाधी' म्हणतात: खरं काम करणारी, पण लक्षात न आलेली अट. मडक्याला कर्ता लागतो तो ते 'कार्य' आहे म्हणून की ते देहधारी प्राण्याने घडवलेल्या वस्तूंपैकी आहे म्हणून? दुसरं खरं असेल तर पृथ्वीपर्यंत नियम पोचतच नाही. उदयनाचार्य म्हणतात, इथे 'देह' हे विशेषण फालतू आहे. प्रतिपक्षी म्हणतो, तुम्हाला सोयीचं ते ठेवायचं आणि गैरसोयीचं ते गौण म्हणून टाकायचं, याला काही नियम आहे का?

मग येतं गवत. रानात न पेरता, न नांगरता गवत उगवतं. कार्य आहे, कर्ता दिसत नाही. नियम मोडला! नैयायिक म्हणतो, नाही मोडला. गवत हाच तर वादाचा विषय आहे. ज्याच्याबद्दल निवाडा व्हायचाय तोच साक्षीदार म्हणून उभा करता येत नाही. हे उत्तर तर्काच्या नियमांत बसतं, आमचा त्यावर आक्षेप नाही. पण त्याचा परिणाम बघा. जगातल्या ज्या ज्या वस्तूला दिसणारा कर्ता नाही ती सगळी 'वादविषय' म्हणून बाजूला ठेवली, की उरतात मडकी, कापड आणि घरं. ज्यांना कर्ता आहेच त्याच वस्तू मोजायच्या आणि म्हणायचं, बघा, एकही अपवाद नाही. एवढ्याशा ढिगावरून अख्ख्या विश्वाचा नियम काढणं, इथे या मडक्याचा आवाज आम्हाला बद्द येतो.

आता एक गैरसमज. वर सांगितलेले आक्षेप नास्तिकांचे, पाखंड्यांचे, असं अनेकांना वाटतं. वेदांचा आणि यज्ञाचा कट्टर पुरस्कर्ता कोण? कुमारिल भट्ट. त्यांनीच 'श्लोकवार्तिका'त निर्मात्याची कल्पना उभीआडवी चिरली आहे. सृष्टी करायची इच्छा प्रजापतीला देहावाचून झाली कशी? देह होता तर तो कुणी केला? आणि केली तरी कशासाठी? दयेपोटी म्हणाल, तर सृष्टीच्या आधी दया करायला होतं कोण? कुमारिलांच्या मते जग आज आहे तसंच नेहमी होतं. सांख्य तर ईश्वरावाचूनच संसार मांडतात: वासरासाठी गाईला पान्हा फुटतो, दुधाला बुद्धी असावी लागत नाही. (शंकराचार्य त्यावर म्हणतात, अहो, पण गाय सचेतन आहे ना!)

सगळ्यात मोठं आश्चर्य रामानुजाचार्यांचं. विष्णूचे एवढे थोर भक्त, पण 'श्रीभाष्या'त ते नैयायिकांचं ईश्वरानुमान स्वतःच्या हातांनी मोडतात. ते विचारतात, पृथ्वी आणि समुद्र एकाच वेळी, एकाच कर्त्याने केले हे कशावरून? निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कर्त्यांनी केले नसतील कशावरून? डेव्हिड ह्यूमने १७७९ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'संवादां'त जहाज बांधणाऱ्या अनेक कारागिरांचं उदाहरण देऊन हेच विचारलं. आमच्या कॉलेजात हा आक्षेप ह्यूमच्या नावाने शिकवला जायचा. रामानुजाचार्यांनी तो सहा-सातशे वर्षं आधी केला आहे, आणि तोही भक्तीच्या आसनावर बसून. का? कारण मडक्यावरून जो देव निघेल तो कुंभाराच्याच मापाचा निघेल. फार तर मोठा कुंभार. रामानुजांना तो नको होता. त्यांच्या मते ईश्वर श्रुतीवरून कळतो, अनुमानावरून नाही. शंकराचार्यही ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्याच सूत्रावर सांगतात की हे सूत्र अनुमान मांडत नाही.

मराठी मातीत पाहिलं तर महानुभावांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी आहेत. तिथे 'सोडवतो कोण' हा प्रश्न 'केलं कुणी' यापेक्षा वरचढ आहे. ज्ञानेश्वरांच्या 'अनुभवामृता'त तर करणारा आणि केलेलं असे दोन उरतच नाहीत. सोनं आणि दागिना यांचं जे नातं तेच तिथे आहे. आणि आपल्याच काळात वाईचे लक्ष्मणशास्त्री जोशी बघा. न्यायाचे शास्त्री, 'तर्कतीर्थ' ही पदवी मिळवलेले. आणि 'जडवाद' हा ग्रंथ लिहिणारेही तेच.

आता बिग बँगकडे येऊ, म्हणजे चिठ्ठीतल्या मुलाकडे आणि व्हिडिओतल्या महाराजांकडे. गंमत अशी की हे दोघे एकाच गृहीतावर उभे आहेत: विश्वाला आरंभ आहे की नाही यावर देवाचा निकाल लागतो. हे गृहीत मुळात आपलं नाही. ते प्रामुख्याने इस्लामी धर्मपंडितांचं. अल-गझाली (निधन ११११) यांची मांडणी अशी: ज्याला आरंभ आहे त्याला कारण असतं, विश्वाला आरंभ आहे, म्हणून विश्वाला कारण आहे. विसाव्या शतकात विश्व प्रसरण पावतंय हे कळलं, आणि या युक्तिवादाला नवं बळ आल्यासारखं वाटलं. १९३१ साली 'आद्य अणू'ची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या संशोधनात निर्मितीची साक्ष मिळाल्याचं जाहीर भाषणात सुचवलं. लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपल्या सिद्धांताचा धर्माच्या प्रश्नाशी संबंध नाही, हीच त्यांची भूमिका होती. धर्मगुरू असलेल्या शास्त्रज्ञाने पोपना आवरावं, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसऱ्या बाजूला आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी. 'बिग बँग' हे नाव हॉइल यांनीच १९४९ साली बीबीसीवरच्या भाषणात वापरलं आणि पुढे ते रूढ झालं. त्यांना स्वतःला तो सिद्धांत मान्य नव्हता. त्यांचा स्थिरस्थिती सिद्धांत १९४८ चा. त्यानुसार विश्व पसरतं, पण त्याला आरंभ नाही. पसरताना जी पोकळी होते तिच्यात नवं द्रव्य तयार होत राहतं. किती? ढोबळमानाने एका घनमीटर जागेत शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा एक अणू. नारळीकरांनी हॉइल यांच्याबरोबर हे द्रव्य कसं येतं याचं गणित मांडलं. ऋण ऊर्जेचं एक क्षेत्र कल्पून त्यांनी दाखवलं की द्रव्य निर्माण होऊनही ऊर्जेचा हिशेब बिघडत नाही. म्हणजे निर्मितीचं कारण त्यांनी भौतिकीच्या आत शोधलं.

१९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण जाहीर केलं. त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे २.७ अंश. बहुतेक शास्त्रज्ञ त्यानंतर बिग बँगकडे वळले. नारळीकर वळले नाहीत. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला, आणि मे २०२५ मध्ये पुण्यात निधन होईपर्यंत ते बिग बँगच्या टीकाकारांतच राहिले. आज बहुमत बिग बँगच्या बाजूने आहे, पुरावाही त्याच बाजूला जड आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. प्रसरणाची ही कहाणी आज सुमारे १३८० कोटी वर्षं मागे नेली जाते.

आता समजा, उद्या नारळीकर बरोबर ठरले आणि विश्वाला आरंभच नाही असं निघालं. उदयनाचार्य हरले का? मुळीच नाही. आपल्या परंपरेत संसार अनादीच आहे, सृष्टी आणि प्रलय आळीपाळीने चालू असतात, तरी ते ईश्वर मानतात. ख्रिस्ती परंपरेतला थॉमस अक्वायनसही म्हणतो की जगाला आरंभ होता हे केवळ तर्काने सिद्ध होत नाही. तरीही तो ईश्वर मानतो. उलट, बिग बँग बरोबर आहे असं धरू. देव सिद्ध झाला का? तेही नाही. आपल्याला ठाऊक असलेलं प्रत्येक कारण काळात काम करतं: आधी कुंभार, मग मडकं. काळच जर तिथे सुरू होत असेल, तर 'त्याच्या आधी' या शब्दांना काय अर्थ? शिवाय तो शून्याचा क्षण कुठल्या दुर्बिणीत दिसलेला नाही. आइन्स्टाइनची समीकरणं मागे मागे नेली की एका जागी ती चालेनाशी होतात, एवढंच आपल्याला कळतं. समीकरण जिथे थांबतं तिथे एक म्हणतो देव आहे, दुसरा म्हणतो देव नाही. समीकरण दोघांपैकी कुणाचंच नाव घेत नाही.

तेव्हा मुलाचंही बरोबर नाही आणि महाराजांचंही नाही.

पण एवढ्यावर सोडणं अप्रामाणिक होईल, कारण आस्तिकाची सगळ्यात बळकट बाजू अजून आलेलीच नाही. लायबनित्सने १७१४ साली विचारलं: काहीच नसण्याऐवजी काहीतरी आहे ते का? हा प्रश्न आरंभाचा नाही. विश्व अनादी असलं तरी तो विचारता येतो. १९४८ साली बीबीसीवर फादर कोपलस्टन आणि रसेल यांचा वाद झाला तो यावरच. रसेलचं म्हणणं, विश्व आहे, बस्स. प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून अख्ख्या मानवजातीला एक आई आहे असं होत नाही.

ह्यूमनेही हेच दुसऱ्या तऱ्हेने सांगितलं होतं. समूहातल्या एकेकाचं कारण सांगितलं की समूहाचं वेगळं कारण मागू नये. आपण आपलं उदाहरण घेऊ. दिंडीत वीस जण आहेत. हा नवस फेडायला आलाय, ही सासूबरोबर आली, हा तिसरा बापाच्या माघारी वीणा चालवतो. विसांची वीस कारणं कळली. आता 'दिंडी का आली?' हा एकविसावा प्रश्न उरतो का? ह्यूम म्हणेल, नाही. आम्हाला मात्र वाटतं, उरतो. त्या वीस जणांची कारणं कळूनही वारी ही गोष्टच मुळात का आहे, हे विचारता येतं आणि त्याला इतिहासात उत्तरही आहे. तेव्हा समूहाबद्दलचा प्रश्न सरसकट वेड्यात काढता येत नाही. पण याच उदाहरणाची दुसरी बाजू अशी की वारीचं उत्तर आपल्याला जगात मिळतं. विश्वाचं उत्तर मागायला विश्वाबाहेर उभं राहावं लागतं. लायबनित्स म्हणतो, बाहेर एक असं तत्त्व आहे जे नसणं शक्यच नाही. 'नसणं शक्यच नाही' म्हणजे काय, हे आम्हाला चाळीस वर्षं शिकवूनही नीट उलगडलेलं नाही, आणि कांटने १७८१ साली जी शंका घेतली ती अजून कुणी पुरती फेडलेली नाही. एका कोड्याला दुसरं कोडं हे उत्तर होत नाही. लायबनित्सचा प्रश्न आम्हाला खरा वाटतो. त्याचं उत्तर सिद्ध झालंय असं आम्ही म्हणणार नाही.

मग चिठ्ठीतली वारी? तिच्याबद्दल आमचं म्हणणं सरळ आहे. मडक्याचा युक्तिवाद फुटला तर विश्वाचा कुंभार पुराव्यात उरत नाही. पंढरपूरला जाणारा माणूस त्या कुंभाराला भेटायला जातो का, हे त्यांनी बापलेकांनी एकमेकांना विचारावं. रामानुजांनी युक्तिवाद मोडला आणि भक्ती ठेवली. कुमारिलांनी निर्माता नाकारला आणि यज्ञ ठेवला. मुलाने दोन्ही सोडलं तर तेही त्याला मोकळं आहे, त्यासाठी त्याला बिग बँगची साक्ष काढायची गरज नाही. वडिलांनाही चालत राहायला नको. इथून पंढरपूर जवळच आहे, आणि वाटेत दोघांना बोलायला भरपूर वेळ मिळेल.

एका ठिकाणी मात्र हा युक्तिवाद निरुपद्रवी राहत नाही, आणि ते आपल्या भागात रोजचं आहे. उदयनाचार्यांचा ईश्वर जग नुसतं घडवत नाही, तो ज्याच्या त्याच्या अदृष्टाप्रमाणे, म्हणजे पूर्वकर्माप्रमाणे, फळही वाटतो. मडक्याला कुंभार मानला की मडक्याच्या प्रत्येक चिरेलाही कुंभाराचा हेतू मानावा लागतो. अवकाळी पाऊस आणि गारपिटीने एकाची द्राक्षबाग झोपते, शेजारच्याची वाचते. कर्ज दोघांच्याही डोक्यावर. मग सांत्वनाला आलेला कुणीतरी म्हणतो, 'मागल्या जन्माचं काहीतरी असेल.' बोलणाऱ्याला ते दयेचं वाटतं. ऐकणाऱ्याने बाग घालवली ती घालवली, वर गुन्हेगारही ठरला, आणि गुन्हा कुठला ते त्याला कधीच कळणार नाही. हवामान, विमा, बागेवरचं आच्छादन, बँकेचा हप्ता, या विचारता येण्याजोग्या गोष्टी त्या एका वाक्याखाली दबून जातात. ज्या अनुमानाचा पाया वारुळापाशीच डळमळतो, त्याच्या आधाराने कुणाला एवढी मोठी शिक्षा सुनावायचा अधिकार कुणालाही नाही, असं आम्हाला स्वच्छ वाटतं.

यावर आस्तिकाकडेही उत्तरं आहेत, काही पोकळ आहेत आणि काही खरोखर विचार करायला लावणारी. पुढच्या व्याख्यानाला आपण तीच घेणार आहोत: ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं ईश्वराच्या पक्षपाताबद्दलचं अधिकरण आणि कुमारिलांचा तो दयेचा प्रश्न. तोवर कुणाला गवताचा मुद्दा पटला नसेल तर चिठ्ठी लिहून द्या. त्यावर नैयायिकाच्या बाजूने आणखी एक डाव शिल्लक आहे, तो आज वेळेअभावी राहिला.